जुन्या रेडिओग्रामला ब्लूटूथ आणि नवा टर्नटेबल: मूळ ॲम्प्लिफायर ठेवावा की काढावा?

तबकडी_तेहतीस

नमस्कार मंडळी,

१९६० च्या दशकातला, जर्मन बनावटीचा लाकडी रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटीत) आहे. लांबी साधारण दीड मीटर. दोन्ही टोकांना स्पीकर, मधे रेडिओ, आणि एका बाजूचं झाकण उचललं की चेंजर (रेकॉर्ड आपोआप बदलणारा प्लेअर). नळ्या (व्हॉल्व्ह) अशा: प्रत्येक चॅनेलला ईएल८४ ची जोडी, आधी ईसीसी८३. रेक्टिफायरची (एसीचं डीसी करणारी) नळी नाही, त्या जागी पंख्यांसारख्या पत्र्यांचा सेलेनियमचा ठोकळा आहे, त्यावर बी२५० सी१५० असं लिहिलंय. मागे पाच पिनांची दोन गोल सॉकेटं आहेत, एकावर टीए (रेकॉर्ड प्लेअरसाठी) आणि दुसऱ्यावर टीबी (टेप रेकॉर्डरसाठी). पुढच्या बटणांत मात्र फक्त टीए आहे, टेपसाठी वेगळं बटण नाही. दोन्ही बाजूंचे वूफर मल्टिमीटरवर ४.१ ओहम दाखवतात. संच अजून मेन्सला लावलेला नाही.

हवं ते एवढंच: फोनवरून ब्लूटूथ, टीव्हीचा आवाज, आणि जमलं तर चेंजर काढून त्या जागी मॅग्नेटिक कार्ट्रिजचा (सुई धरणारा भाग) नवा टर्नटेबल. लाकडाला एकही नवं भोक पाडायचं नाही.

मूळ ॲम्प्लिफायर ठेवून त्याला फक्त ऑक्स (बाहेरच्या स्रोतासाठीचं इनपुट) जोडावं, की सगळं बाहेर काढून क्लास-डी बोर्ड (छोटा आधुनिक ॲम्प्लिफायर) बसवावा? दोन्ही बाजूंचे सल्ले वाचले, गोंधळ वाढला.

---

डाखवाला

मेन्सला लावला नाहीत हे फार चांगलं केलंत. ऑक्स जोडणं हे अर्ध्या तासाचं काम. त्याआधीचं काम मोठं, आणि बहुतेक लोक नेमकं तेच टाळतात.

पहिली तपासणी प्लग बाहेर ठेवूनच. संचाचा स्विच चालू करा आणि मेन्सच्या प्लगच्या दोन्ही पिनांपासून चासीपर्यंतचा (आतल्या धातूच्या सांगाड्यापर्यंतचा) रेझिस्टन्स मोजा. चांगल्या ट्रान्सफॉर्मरच्या संचात तो अनंत किंवा काही मेगओहम येतो. शंभर-दोनशे ओहम किंवा थेट जोडणी दिसली तर चासी मेन्सशी जोडलेली आहे, आणि अशा संचाला बाहेरची कुठलीही केबल लावायची नाही. ईएल८४ आणि ईसीसी८३ आहेत म्हणजे हीटर (नळी तापवणारी तार) ६.३ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर असणारच. यूएल८४, यूसीएल८२ अशी यू पासून सुरू होणारी नावं दिसली असती तर मामला वेगळा: ते हीटर सीरिजमध्ये थेट मेन्सवर चालतात. तरी मोजाच. मधे कुणी काय उद्योग करून ठेवलेत ते बाहेरून दिसत नाही.

मग मागचा व्होल्टेज सिलेक्टर पाहा. त्या काळचे संच २२० साठी धरलेले असतात. २४० ची खाच असेल तर तीच वापरा, कारण २३०-२४० व्होल्टवर २२० ची खाच ठेवली तर हीटरपासून बी प्लसपर्यंत (नळ्यांना लागणारं उच्च डीसी व्होल्टेज) सगळंच पाच ते नऊ टक्के वर चढतं. फ्यूज प्लेटवर लिहिलेल्या किमतीचाच हवा. चांदीचा कागद गुंडाळलेले फ्यूज अजूनही सापडतात.

बदलायचे भाग, महत्त्वाच्या क्रमाने:

१. मेन्स आणि चासी यांच्यामधला कपॅसिटर. तो शॉर्ट झाला तर चासीवर थेट मेन्स येते. जागी वाय-२ या सुरक्षा-वर्गाचाच घाला. मेन्सच्या दोन तारांमध्ये कपॅसिटर असेल तर तिथे एक्स-२.

२. ईएल८४ च्या ग्रिडला (नळीत सिग्नल जिथे येतो ती जाळी) जाणारे कपलिंग कपॅसिटर, सहसा १० ते २२ नॅनोफॅरॅड. कागदाचे किंवा डांबर भरलेले असतील तर न मोजता चारही बदला. ६३० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर चालतात. हा एक कपॅसिटर गळला की ग्रिड पॉझिटिव्ह होते, नळी लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तो बाजारात मिळत नाही, बाकी सगळं मिळतं.

३. ईएल८४ च्या ॲनोडवरचे (नळीचं आउटपुट टोक) एक-दोन ते पाच नॅनोफॅरॅडचे. यांना किमान १००० व्होल्टचे घाला, तिथे सिग्नलची शिखरं बी प्लसच्या दुपटीजवळ जातात.

४. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक. एका डब्यात ५०+५० मायक्रोफॅरॅड अशी रचना असते. डबा चासीवर तसाच राहू द्या, जोडण्या सोडवा आणि नवे ४५० व्होल्टचे कपॅसिटर खाली टॅगस्ट्रिपवर लावा. नवा कपॅसिटर जुन्याला समांतर जोडून मोकळं होऊ नका. जुना शॉर्ट झाला की नवा काही कामाचा नाही.

५. सेलेनियमचा ठोकळा. याबद्दल वाद आहेत. म्हातारा सेलेनियम जास्त व्होल्टेज खातो, म्हणून बी प्लस कमी मिळतो. आणि जळला तर धूर विषारी असतो, सडक्या मुळ्यासारखा वास येतो. मी बदलायच्या बाजूने. चार १एन४००७ डायोडचा ब्रिज करा, आणि पुढे ४७ ते १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स सीरिजमध्ये घाला. सिलिकॉन जवळजवळ काहीच खात नाही, त्यामुळे रेझिस्टन्स न घालता लावलात तर बी प्लस वीस-तीस व्होल्ट वर जाईल. सर्किटच्या नकाशातला आकडा येईपर्यंत किंमत बदलत जा.

एक सूचना आधीच: बी प्लस इथे २५० व्होल्टच्या वरच असणार आणि बंद केल्यावरही फिल्टरमध्ये साठून राहतो. ४.७ ते १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांनी दहा-पंधरा सेकंद लावून ठेवा, मग मीटरने शून्य पाहा, मगच हात घाला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय असेल तर ती सोडा.

पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या एका तारेत ६० ते १०० वॅटचा साधा तंतूचा बल्ब सीरिजमध्ये ठेवा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. झगझगीत पेटून राहिला तर लगेच बंद करा, आत शॉर्ट आहे. यासाठी एलईडी बल्ब चालत नाही. आणि स्पीकर जोडलेले असल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चालवायचा नाही, एक मिनिटसुद्धा नाही.

एवढं झालं की आउटपुट ग्रिडचे आकडे इथे टाका. ऑक्सचं त्यानंतर बोलू.

---

लाकूड_आधी

डाखवाल्यांचं सगळं बरोबर आहे, पण प्रश्न ठेवावा की काढावा असा होता, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं तुटलं असेल किंवा आधीच कुणी चासीची खिचडी केली असेल तर क्लास-डी बोर्ड हा पर्याय वाईट नाही. फक्त त्यात तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा सामाईक तारेचा. या रेडिओग्रामांत दोन्ही स्पीकरांची एक बाजू चासीला, म्हणजे एकमेकांना जोडलेली असते. टीपीए३११६ सारख्या क्लास-डी चिपचं आउटपुट ब्रिज प्रकारचं. तिथे दोन्ही तारांवर सिग्नल असतो, 'निगेटिव्ह' म्हणजे ग्राउंड नव्हे. जुनी तीन तारांची जोडणी तशीच ठेवून बोर्ड लावला तर दोन्ही चॅनेलचं आउटपुट शॉर्ट होतं. चिपचं संरक्षण जागेवर असेल तर आवाज येणार नाही, नसेल तर चिप गेली. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र दोन तारा ओढा, आणि स्पीकरची बास्केट किंवा क्रॉसओव्हरची पट्टी कुठे चासीला लागलेली नाही ना, ते मीटरने पाहा.

दुसरा, ताकद. हे स्पीकर दहा-बारा वॅटच्या ॲम्प्लिफायरसाठी बनले. थोड्या वॅटमध्ये खोली भरून टाकतात. बोर्डावर '५० वॅट' छापलंय म्हणून २४ व्होल्टचा अडॅप्टर लावू नका. ब्रिज आउटपुटची कमाल ताकद अंदाजे व्होल्टेजचा वर्ग भागिले स्पीकरच्या ओहमची दुप्पट. तुमचा ४.१ ओहमचा डीसी रेझिस्टन्स म्हणजे स्पीकर नावाने ५ ओहमचा. १२ व्होल्टला १४ वॅट, २४ ला ५७. म्हणजे १२ व्होल्ट, ३ ते ४ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. साठ वर्षांच्या कागदी कोनचा मुख्य शत्रू व्होल्टेज.

तिसरा, रेडिओ. क्लास-डी आणि स्विचिंग अडॅप्टर मिडीयम वेव्हवर खरखर ओततात. रेडिओ ऐकायचा असेल तर बोर्ड पत्र्याच्या डब्यात, फेराइट अँटेनापासून लांब ठेवावा लागतो, तरीही पूर्ण जात नाही.

बोर्ड कुठलाही बसवा, मूळ चासी टाकून देऊ नका. सोडवण्याआधी प्रत्येक तारेला चिठ्ठी लावा आणि फोटो काढा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम तारांकडे विशेष लक्ष: निगेटिव्ह फीडबॅक तिथूनच घेतलेला असतो. परत जोडताना त्या उलट्या झाल्या तर फीडबॅक पॉझिटिव्ह होऊन ॲम्प्लिफायर किंचाळतो.

तुमच्या संचात मात्र प्रत्येक चॅनेलला ईएल८४ ची जोडी आहे. ट्रान्सफॉर्मर शाबूत असतील तर ते काढून तळहाताएवढा बोर्ड घालण्यात काही अर्थ नाही.

---

सुईटोक

टर्नटेबलबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून.

चेंजर काढून त्याच फळीवर नवा टर्नटेबल ठेवायचा विचार सोडून द्या, किंवा किमान आधी परीक्षा घ्या. स्पीकर आणि तबकडी एकाच पेटीत असल्या की स्पीकरचं कंपन लाकडातून सुईपर्यंत येतं, ॲम्प्लिफायर ते वाढवतो, आणि घूंऽऽ सुरू होतं. मूळ चेंजरला हा त्रास कमी व्हायचा त्याची तीन कारणं: तो चार स्प्रिंगांवर तरंगत असे, सिरॅमिक कार्ट्रिजचा आर्म जड, चार-सहा ग्रॅम दाब असलेला, आणि सिरॅमिकला खालच्या पट्टीत आरआयएएचं (रेकॉर्डच्या ठरलेल्या मानकाचं) वाढवलेलं बास नको असतं. मॅग्नेटिक कार्ट्रिजला प्रीॲम्प्लिफायर २० हर्ट्झला १००० हर्ट्झपेक्षा सुमारे १९ डेसिबेल जास्त देतो. त्यात लाकडाची थरथर मिसळली की झालंच.

परीक्षा अशी: टर्नटेबल जिथे ठेवणार तिथे ठेवा, मोटर बंद, थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवा. बास आणि व्हॉल्यूम नेहमीपेक्षा थोडं जास्त करा आणि पेटीवर बोटाने टकटक करा. स्पीकरमधून 'ठप' येऊन लगेच विरलं तर चालेल. घुमत राहिलं किंवा वूफरचा कोन दिसेल इतका आतबाहेर हलू लागला तर व्हॉल्यूम लगेच खाली.

उपाय: चेंजरच्या मोकळ्या जागेत जड फळी मूळ स्प्रिंगांवर बसवा आणि टर्नटेबल तिच्यावर ठेवा. फळी आणि टर्नटेबल मिळून वजन चेंजरच्या वजनाच्या आसपास हवं. फार जास्त झालं तर स्प्रिंगा पूर्ण दबतात आणि मग त्या नसल्यासारख्याच. वाहतुकीचे स्क्रू घट्ट राहिलेत का तेही पाहा. ते आवळलेले असले तर स्प्रिंगा असून नसल्यासारख्या, ही चूक फारच सर्रास होते. प्रीॲम्प्लिफायरला २० हर्ट्झखालचं कापणारा सबसॉनिक फिल्टर असेल तर चालू ठेवा. एवढं करूनही घुमलं तर टर्नटेबल शेजारच्या स्टुलावर. दिसायला गोड नाही, ऐकायला चांगलं.

चेंजरमध्येच मॅग्नेटिक कार्ट्रिज बसवायची कल्पना कुणी सुचवेल. नको. आर्मचा दाब जास्त, मोटर सुईच्या जवळ, तिचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिज पकडतं आणि हम कधीच जात नाही. चेंजर ठेवायचाच तर त्याला सिरॅमिकच ठेवा. सुई मात्र नवी घाला. चेंजर अडकून बसला असेल तर मोटर जळालीय असं लगेच समजू नका. बहुतेकदा जुनं ग्रीस मेण झालेलं असतं. खरडून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बेअरिंगला पातळ तेल, सरकत्या पट्ट्यांना अगदी थोडं ग्रीस. रबरी आयडलरला (मोटरचा फेरा तबकडीला देणारं चाक) तेलाचा थेंबही लागता कामा नये.

---

तबकडी_तेहतीस

भरपूर मिळालं, आभार.

वायचा कपॅसिटर, फिल्टर आणि ॲनोडवरचे कपॅसिटर बदलले. सेलेनियमला अजून हात लावला नाही. कपलिंग कपॅसिटर चौकोनी, प्लास्टिकचे, वरवर स्वच्छ दिसतात, म्हणून तेही तसेच ठेवलेत. बल्ब लावून चालू केलं, बल्ब पेटून मंद झाला. मग बल्ब काढून पाच मिनिटांनी मोजलं:

बी प्लस २६२ व्होल्ट, नकाशात २७५.
डावा चॅनेल: दोन्ही ग्रिड ०, सामाईक कॅथोड (नळीचं इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) ९.६ व्होल्ट.
उजवा चॅनेल: एक ग्रिड ०, दुसरी ३.८ पॉझिटिव्ह, सामाईक कॅथोड १०.८ व्होल्ट.
कॅथोड रेझिस्टन्स दोन्हीकडे १३० ओहम.

उजवीकडे बास थोडं दुबळं वाटतं, बाकी आवाज ठीक. कॅथोडमध्ये फरक फक्त १.२ व्होल्टचा आहे, म्हणजे तसंच चालवलं तर चालेल का?

---

डाखवाला

नाही. बंद करा.

सामाईक कॅथोडचा आकडा इथे फसवतो. डावीकडे ९.६ भागिले १३० म्हणजे ७४ मिलिअँपिअर, दोन नळ्यांत सारखे वाटलेले. उजवीकडे ८३. फक्त नऊने जास्त, म्हणून किरकोळ वाटतं. पण ज्या नळीच्या ग्रिडवर ३.८ आहे तिला कॅथोडच्या तुलनेत फक्त ७ व्होल्टचं बायस (नळीचा प्रवाह आवरणारं व्होल्टेज) मिळतंय आणि जोडीदाराला पूर्ण १०.८. पहिली साठच्या आसपास ओढतेय, दुसरी पंचविसाच्या. एक बेलगाम झाली की कॅथोड वर चढतो आणि दुसरीला दाबून टाकतो, त्यामुळे बेरीज फारशी हलत नाही. साठ मिलिअँपिअर गुणिले अडीचशे व्होल्ट म्हणजे १५ वॅट, आणि ईएल८४ च्या ॲनोडची मर्यादा १२.

दुबळ्या बासचं कारणही हेच. पुशपुल (दोन नळ्यांनी आळीपाळीने ओढायच्या) ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही अर्धांचे डीसी प्रवाह एकमेकांना खोडतात हे गृहीत धरून गाभा लहान ठेवलेला असतो. तिथे ३५ मिलिअँपिअरचा फरक पडला की गाभा संपृक्त होऊ लागतो आणि सगळ्यात आधी खालचे स्वर जातात.

पडताळायचं असेल तर संच बंद असताना प्राथमिक वेटोळ्याच्या प्रत्येक अर्धाचा रेझिस्टन्स मोजा, मग चालू असताना त्या अर्धावर किती व्होल्टेज पडतं ते मोजा आणि भागा. प्रत्येक नळीचा प्रवाह स्वतंत्र कळतो. दोन अर्धांचा रेझिस्टन्स थोडा वेगळा असतो, म्हणून एकाच आकड्याने भागू नका. आणि ही मोजणी बी प्लसवर आहे: मीटरच्या क्लिपा संच बंद असतानाच लावा.

दोष कपॅसिटरचा की नळीचा हे ओळखायला ती एकच नळी उपसा आणि ग्रिडच्या पिनवर मोजा. व्होल्टेज तसंच राहिलं तर कपॅसिटर गळतोय. शून्य झालं तर नळी स्वतःच ग्रिडमधून प्रवाह देतेय, ती बदला. दिसायला स्वच्छ असण्याचा काही संबंध नाही. आणि एक गळला म्हणजे चारही एकाच वयाचे आहेत, चारही बदला.

बी प्लस १३ व्होल्ट कमी येतोय तो सेलेनियम थकल्यामुळे असू शकतो, शिवाय उजवी नळी जास्त ओढतेय. आधी नळीचं निस्तरा, पुन्हा मोजा, मग सेलेनियम.

---

तबकडी_तेहतीस

नळी उपसल्यावरही ३.७ राहिले. चारही बदलले: आता सगळ्या ग्रिड शून्य, कॅथोड ९.७ आणि ९.६. ब्रिज आणि ६८ ओहम घातल्यावर बी प्लस २७६. उजवीकडचं बास परत आलं!

आता ऑक्स. टीबी सॉकेटला ब्लूटूथ रिसीव्हर जोडून पाहिला. तीन अडचणी: व्हॉल्यूम जरा फिरवला की धडाम आणि फुगीर आवाज, मागे बारीक कुईकुई, आणि चेंजरवर रेकॉर्ड लावली तर अगदी पातळ, पत्र्यासारखा आवाज.

---

पाचवी_पिन

तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी पिना. या सॉकेटच्या पिनांचा क्रम कमानीवर १, ४, २, ५, ३ असा असतो, सरळ १ ते ५ नव्हे. टीबीवर आत येणारा सिग्नल ३ डावा, ५ उजवा, ग्राउंड मधली २. एक आणि चार हे टेपला जाणारं आउटपुट, तिथे तुमचं काहीही जोडायचं नाही. बाजारातल्या तयार केबली दोन्ही प्रकारच्या असतात, त्यामुळे मीटरने तपासा.

धडाम आवाज: ही इनपुटं सिरॅमिक कार्ट्रिजसाठी आणि टेपसाठी बनली, त्यांना काही शे मिलिव्होल्ट पुरतात. ब्लूटूथ रिसीव्हर किंवा डॅक (डिजिटल सिग्नलचं ॲनालॉग करणारा) २ व्होल्टपर्यंत देतो. सिग्नल जास्त आला की तुम्ही नॉब अगदी तळाशी ठेवता, आणि तिथेच घोटाळा होतो. या संचांच्या व्हॉल्यूम पोटेन्शिओमीटरला मधे एक-दोन टॅप असतात. नॉब खाली असताना ते मुद्दाम बास वाढवतात, कारण हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतं. तुमच्याकडे आवाज मोठा असतानाही नॉब खाली आहे, म्हणून फुगीर. टोन कंट्रोलने हे दुरुस्त होत नाही.

उपाय चार रेझिस्टन्स. प्रत्येक चॅनेलला ३३ किलोओहम सीरिजमध्ये आणि त्यानंतर १० किलोओहम ग्राउंडला. २ व्होल्टचे साधारण ०.४७ होतात. पाव वॅटचे मेटल फिल्म, प्लगच्या डब्यातच मावतात. फोनचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि आवाज संचाच्या नॉबने ठरवा. रोजच्या ऐकण्याला नॉब मध्यावर आला की समजा जमलं. अजून तळाशीच राहत असेल तर १० च्या जागी ४.७ किलोओहम घाला.

पातळ रेकॉर्ड: टेपचं वेगळं बटण नाही म्हणजे टीए दाबल्यावर टीबीचं इनपुट आणि चेंजर आतून समांतर येतात. सिरॅमिक कार्ट्रिज हा विद्युतदृष्ट्या काही शे पिकोफॅरॅडचा कपॅसिटर असतो, त्याला एक-दोन मेगओहमचा भार लागतो. तुमच्या रिसीव्हरचं आउटपुट, बंद असलं तरी, काही किलोओहम किंवा त्याहून कमी भार टाकतं. बास सगळं तिथेच मरतं. वरचे रेझिस्टन्स घातल्यानेही हे सुटणार नाही. एक दुहेरी दोन-दिशांचा छोटा स्विच हवा: मधे टीए इनपुट, एका बाजूला चेंजर, दुसऱ्या बाजूला ऑक्स. मागच्या हार्डबोर्डच्या फळीवर, आधीच्या स्क्रूच्या भोकांत बसणारी ॲल्युमिनियमची पट्टी करा आणि तिच्यावर स्विच व आरसीए सॉकेटं लावा. लाकूड अबाधित. चेंजरकडची तार शील्ड असलेली आणि शक्य तेवढी आखूड हवी, उच्च रेझिस्टन्सच्या जागी हम पटकन शिरते.

कुईकुई: रिसीव्हरला ५ व्होल्ट कुठून देताय? ऑडिओचं ग्राउंड आणि वीजपुरवठ्याचं ग्राउंड दोन वाटांनी चासीला भेटत असेल तर रिसीव्हरचा डिजिटल आवाज ऑडिओत मिसळतो. स्वतंत्र अडॅप्टर द्या. तरी राहिली तर ऑडिओच्या वाटेत १०के:१०केचे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, प्रत्येक चॅनेलला एक, किंवा वीजपुरवठ्यात १ वॅटचा ५ ते ५ व्होल्टचा आयसोलेटेड कन्व्हर्टर.

---

तबकडी_तेहतीस

५ व्होल्ट हीटरच्या ६.३ व्होल्टवरून घेतले होते: ब्रिज, कपॅसिटर, रेग्युलेटर. वेगळा अडॅप्टर नको म्हणून.

---

डाखवाला

ते आधी काढा. हीटरची एक बाजू किंवा मधला टॅप चासीला जोडलेला असतो. तुमच्या ब्रिजचा निगेटिव्ह ऑडिओ केबलच्या शील्डमधून त्याच चासीला जातो. म्हणजे ब्रिजचा एक डायोड चासीतून शॉर्ट होतो, आणि हीटरच्या प्रवाहाचे ठोके ऑडिओच्या ग्राउंडमधून वाहतात. कुईकुई त्यातलीच. एखादी तार तापून वितळली नाही हे नशीब.

चांगला ५ व्होल्टचा अडॅप्टर घ्या आणि त्याचं प्राथमिक संचाच्या स्विचमागून, चेंजरच्या मोटरला मेन्स जिथून जाते तिथून, स्वतःच्या फ्यूजसह घ्या. नॉब फिरवला की दोन्ही एकत्र चालू. अडॅप्टर आणि रिसीव्हर ईएल८४ च्या वरच्या बाजूला ठेवू नका, तिथे हवा फार तापते. आत लिथियम बॅटरी असलेला रिसीव्हर तर पेटीत मुळीच नको. रिसीव्हर चासीच्या पत्र्यामागे न ठेवता लाकडाला चिकटवा, लाकडातून सिग्नल व्यवस्थित येतो.

केबली जोडताना सगळं बंद. दोन पिनांच्या अडॅप्टरचं आउटपुट आणि अर्थिंग नसलेली चासी, दोन्ही मेन्सच्या जवळपास अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत असतात. प्रवाह नगण्य असतो, हाताला मुंग्या येतात इतकंच. पण आरसीएची मधली पिन शील्डच्या आधी टेकते आणि तो झटका डॅकच्या आउटपुटला पुरतो.

---

लाकूड_आधी

टीव्हीचं राहिलं. टीव्हीसाठी ब्लूटूथ नको: नेहमीच्या एसबीसी कोडेकला दीडशे-दोनशे मिलिसेकंदांची दिरंगाई होते, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. ऑप्टिकल केबल आणि छोटा डॅक घ्या, टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर (न दाबलेल्या साध्या सिग्नलवर) ठेवा. डॉल्बीवर राहिलं तर साधा डॅक गप्प बसतो किंवा खरखरतो. ऑप्टिकलचा दुसरा फायदा असा की टीव्हीचं ग्राउंड संचाला लागतच नाही, हमचा प्रश्न मुळातच मिटतो. मात्र डॅक आणि ब्लूटूथ दोन्ही एकाच ऑक्सला वाय-केबलने जोडू नका, दोन आउटपुटं एकमेकांना दाबतात. पट्टीवर तीन जागांचा रोटरी स्विच लावलात तर चेंजर, ब्लूटूथ, टीव्ही तिन्ही त्यावरच येतील. नव्या टर्नटेबलचा लाइन आउट घ्यायचा असेल तर चार जागांचा घ्या. ३३ आणि १० किलोओहमची जोडी चेंजर सोडून प्रत्येक स्रोताला स्वतंत्र, स्विचच्या आधी, म्हणजे टर्नटेबल कमी आणि डॅक जास्त असं झालं तर ज्याचं त्याचं बदलता येईल.

---

सुईटोक

एक भर, हा धागा पुढे दुसरं कुणी वाचेल म्हणून. अमेरिकी कन्सोल असेल तर २३० वरून ११५-१२० करणारा ट्रान्सफॉर्मर लावून सगळं सुटत नाही. तो व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी नाही. ६० हर्ट्झचा चेंजर ५० हर्ट्झवर पाचषष्ठांश वेगाने फिरतो, म्हणजे ३३⅓ च्या जागी २७.८ फेरे. मोटरची ५० हर्ट्झची पुली शोधावी लागते किंवा तेवढ्या मापाची कातून घ्यावी लागते. शिवाय फक्त ६० हर्ट्झसाठी बनलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. तासाभराने हात लावून ठेवता येत नसेल तर ११७ पेक्षा थोडे कमी व्होल्ट द्या आणि हीटर ६ व्होल्टच्या खाली जात नाहीत ना ते पाहा.

त्या संचांवर 'एमपीएक्स' लिहिलेलं आरसीए सॉकेट दिसलं तर ते ऑक्स समजून वापरू नका. अमेरिकेत एफएम स्टिरिओला १९६१ मध्ये मान्यता मिळाली; त्याआधीच्या मोनो ट्यूनरला पुढे डीकोडर जोडता यावा म्हणून ठेवलेलं ते आउटपुट आहे.

---

तबकडी_तेहतीस

हीटरवरचा ब्रिज काढला, वेगळा अडॅप्टर लावला: कुईकुई गेली. रेझिस्टन्स घातल्यावर नॉब आता घड्याळाच्या अकराच्या जागी असतो आणि आवाज मोकळा झालाय. चार जागांचा रोटरी स्विच मागवलाय. टर्नटेबलची टकटक परीक्षा घेतली, वूफर डोळ्यांना दिसेल इतका हलला. मूळ चेंजरच ठेवतोय. ग्रीस खरडायला घेतलंय.

---

सुईटोक

ग्रीस काढताना मधल्या मोठ्या चाकाच्या वर सहसा एक सी-क्लिप आणि तिच्याखाली पातळ वॉशर असतात. त्यांची संख्या आणि क्रम लिहून ठेवा. एक जरी कमी-जास्त झाला तरी चेंजर नीट न चालण्याची शक्यता असते.